मयालीला धूर

“धुरापासून लांब राहा” हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की झोपेतून कुणी हलवून उठवलं तरी तेच निघेल. चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर आहे. खोकत आलेल्या बाईला मी बाकावर बसवते, बोटाला ऑक्सिजन बघायचं यंत्र लावते आणि पहिला प्रश्न विचारते, घरी चूल आहे की गॅस. चूल म्हटली की माझं भाषण सुरू होतं. बायका शहाण्यासारख्या मान डोलावतात, गोळ्यांची पुडी पदराला बांधतात आणि घरी जाऊन चूल पेटवतात. पूर्वी मला याचा भयंकर राग यायचा. दुसऱ्यांदा आलेल्या बाईला मी चारचौघांत झापायची. आता झापत नाही. माझ्याच घरात जे झालं त्यानंतर तो हक्क राहिला नाही.

आमचं घर मूलपासून तासाभराच्या अंतरावर, जिथे धानाचे बांध संपतात आणि जंगल लागतं त्या गावात आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. हे घर माझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. बाबा आरा मशीनवर कामाला होते. दिवसभर दुसऱ्यांची लाकडं चिरायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या घराचं लाकूड तासायचं, असं त्यांचं दीड-दोन वर्षं चाललं होतं. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. त्यामुळे घर बांधणं म्हणजे मुख्यतः लाकडाची सेवा करणं, असंच माझ्या डोक्यात बसलं. भिंती काय, माय आणि शेजारच्या बायकांनी मिळून उभ्या केल्या.

चार खांब सागाचे मिळाले, रीतसर कागद करून. पण मयालीला लागेल एवढा लांब साग काही मिळाला नाही. मयाल म्हणजे घराच्या मधोमध या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी जाणारी मोठी तुळई, सगळं छप्पर जिच्या अंगावर असतं ती. मयालीला येनाचं, म्हणजे ऐनाचं, लाकूड आलं. येन दणकट असतो, पण उधईला तो आवडतो. पुस्तकात तिला वाळवी म्हणतात, आमच्याकडे उधईच. बाबा म्हणायचे, “सागाले उधई बाहेरून चाटून पाहते. येनाले मात्र जेवते.”

म्हणून त्या येनाचं पथ्यपाणी सुरू झालं. पावसाळा संपता संपता ते अख्खं लाकूड गावच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहान तलावात, नेऊन बुडवलं आणि तरंगू नये म्हणून वर दगड ठेवले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते तिथेच. पाणी लाकडातला गोडवा काढून घेतं, मग किड्याला चव लागत नाही, असा बाबांचा हिशोब. बोडी आटायला आली तेव्हा दहा-बारा माणसांनी दोरानं ओढून ते बाहेर काढलं, तर त्याला असा वास की माझी माय नाकाला पदर लावून म्हणाली, “हे घरात घेता? मी नाई राहत मंग घरात.” बाबा हसत होते. महिनाभर सावलीत वाळल्यावर वास गेला आणि मयाल चढली. चढली त्या दिवशी बाबा मायला म्हणाले, “आता हिले रोज धूर पाह्यजे. तेवढं तुह्याकडे.”

स्वयंपाकघराची भिंत त्यांनी मुद्दामच अर्धी ठेवली होती. चुलीचा धूर वर जायचा, कवेलूंच्या खाली पसरायचा आणि मयालीवरून फिरून फटींमधून निघून जायचा. दोन-तीन वर्षांत मयाल तव्याच्या बुडासारखी काळी झाली. माय पाहुण्यांना ती हात करून दाखवायची आणि म्हणायची, “घर यायनं बांधलं, पण उभं हाये माह्या चुलीवर.” ही तिची एकच बढाई होती. बाकी कशाचीच बढाई मारायला तिला सवड नव्हती.

दुसरं एक पथ्य खांबांचं. प्रत्येक खांब दगडावर उभा होता आणि तो दगड जमिनीच्या वर चार बोटं दिसायचा. बाबांचा तो नियमच होता, माती आणि लाकूड यांची गाठ पडू द्यायची नाही. श्रावणात ते घरभर फिरून बोटाच्या पेरानं खांब आणि मयाल वाजवून बघायचे. मलाही त्यांनी शिकवलं होतं. भरीव लाकडाचा आवाज आखूड येतो, पोखरलेल्याचा रिकाम्या डब्यासारखा. मी स्टुलावर चढून वाजवायची आणि ओरडायची, “भरीव!” मग ते खालून म्हणायचे, “शाब्बास, पुढचा.”

बाबा गेले ते छातीनंच. तीस वर्षं भुसा नाकातोंडात गेलेला. शेवटी त्यांना माझ्याच दवाखान्यात आणलं. चार दिवस ऑक्सिजनवर होते. माय खाटेजवळ बसून होती, उठत नव्हती. माझ्याकडे बघून एकदाच म्हणाली, “बरे होतीन नं?” मी म्हटलं, होतील. सिस्टर म्हणून मी असं कितीतरी जणांना म्हटलेलं आहे, त्यामुळे ते तोंडातून सहज निघालं.

बाबांच्या नंतर मायचा खोकला माझ्या लक्षात येऊ लागला. तो आधीपासूनच होता, पण बाबांच्या खोकल्यात तो ऐकूच येत नव्हता. विहारापर्यंत चालत जाताना ती वाटेत दोनदा थांबायची आणि थांबलेय हे कळू नये म्हणून कुणाशीतरी बोलत राहायची. मी तिला चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं, कागद बघितला आणि विचारलं, “आजी, बिडी किती वर्षं ओढता?” माय इतकी चिडली की मला वाटलं आता उठून निघून जाईल. “मी काऊन बिडी ओढू? माह्या सात पिढीत कोण्या बाईनं बिडी नाई ओढली!” डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, चूल बंद करा. पंप लिहून दिला, ओढायचा. बाकी फुप्फुसात जे गेलं ते परत येणार नाही, हे मायला कळू नये म्हणून त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

मग मी पेटले. त्या उन्हाळ्यात महिनाभराची रजा टाकली आणि घराचा कायापालट करायला घेतला. गॅस आणला. गॅससाठी ओटा बांधला, ओट्यामागच्या भिंतीला चकचकीत टाइल्स लावल्या. शेणानं सारवलेली जमीन मायला वाकून सारवावी लागते, म्हणून ती वीतभर उंच करून फरशी घातली. वरून काजळी आणि धूळ पडते, मायला ती झाडावी लागते, म्हणून कवेलूंच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद ताणून बसवला. एकेक गोष्ट मी मायच्या छातीसाठी केली. फरशी घालणारा मिस्त्री एका खांबाजवळ थांबला आणि म्हणाला, “बाई, हा दगड दबून जाईन आतमंदी. चालते का?” मी म्हटलं, चालते.

तो “चालते” मी इतक्या वेळा आठवला आहे की आता त्याचा अर्थही लागत नाही.

चूल मी स्वतः फोडली, सब्बल, म्हणजे पहार, घेऊन. माय दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही, रडली नाही. शेवटचा विटेचा तुकडा मी घमेल्यात टाकला तेव्हा म्हणाली, “मयालीले कोण पाहीन मंग?” मी हसून म्हटलं, “मयालीले काय दम लागते का?” शेजारची बाईही हसली. माय हसली नाही.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मायचा खोकला निम्म्यावर आला. पौर्णिमेला ती विहारात एका दमात चालत गेली आणि तिथे पोचून मला फोन केला. मी दवाखान्यात बाकावरच्या बायकांना तिचं उदाहरण द्यायला लागले. “माझ्या घरचं सांगते,” अशी सुरुवात करायची. किती मिजास होती माझ्या आवाजात, ते आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा संपतच नव्हता. दिवाळी आली तरी आभाळ गळत होतं, धानाच्या लोंब्या उभ्या उभ्या भिजत होत्या, आणि घराच्या भिंतींना हात लावला की हाताला गारवा लागायचा. एका रविवारी घरी गेले तर माय ओटा पुसत होती. म्हणाली, रोज सकाळी ओट्यावर बारीक माती पडलेली दिसते, मुंग्यांची असेल. मी वर बघितलं. टाइल्सच्या वरच्या कडेतून मातीची एक रेघ निघाली होती, पेन्सिलीएवढी जाड, आणि खांबाच्या बाजूनं सरळ मयालीपर्यंत गेली होती. मी नखानं ती रेघ फोडली. आतून पांढरे, मऊ किडे बाहेर पडले आणि उजेड लागताच सैरावैरा पळाले.

त्यानंतर मी उधईबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचून काढलं. परीक्षेसाठीही एवढं वाचलं नव्हतं. हा किडा खरं तर अगदी नाजूक. त्याच्या अंगावर धड कातडी नसते, कोरड्या हवेत आणि उन्हात तो लगेच सुकून मरतो. म्हणून तो मातीची नळी बांधत पुढे सरकतो, आपला ओलावा आणि आपला अंधार बरोबर घेऊन. आमच्याकडे मे महिन्यात जमीन भाजून निघते तेव्हा तो खोल खाली उतरतो आणि लोकांना वाटतं, गेला. जमिनीनं ओल धरली की परत वर येतो. ओल, अंधार आणि वारा नसलेली जागा एवढंच त्याला लागतं. बाबांनी हे काही वाचलं नव्हतं. पण दगडावरचा खांब, मोकळी जमीन, वरच्या फटी आणि रोजचा कोरडा गरम धूर यांच्या जोरावर त्यांनी त्या किड्याला यातलं काहीच मिळू दिलं नव्हतं. मी रजा टाकून, मिस्त्री लावून, त्याला सगळं मिळवून दिलं. खांबाचे दगड फरशीखाली गाडले, टाइल्सच्या मागे अंधारी वाट करून दिली, आणि वर प्लास्टिक लावून सगळी दमट हवा मयालीच्या अंगाला बांधून ठेवली. सागाचे खांब उधईनं फक्त जिना म्हणून वापरले. जेवण वर होतं, येनाचं.

चंद्रपूरहून औषधवाला बोलावला. त्यानं भिंतीच्या कडेनं फरशीला भोकं पाडली आणि त्यात औषध ओतलं. मायला मी शेजारी ठेवलं होतं. चौथ्या दिवशी वास गेला असं समजून ती घरात आली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. औषधवाला म्हणाला होता, पावसाळ्याआधी परत एकदा मारावं लागेल, आणि लाकडाच्या आत जे गेलंय त्याची हमी नाही. मी त्याला परत बोलावलं नाही. मग कुणी सांगितलं, जळलेलं ऑइल लावा. लावलं. मायला धाप लागली. कुणी सांगितलं, डांबर. मी विचारलंच नाही पुढे. उधईला ज्या ज्या गोष्टीचा त्रास होत होता, त्याच त्याच गोष्टीचा माझ्या मायला त्रास होत होता. मयाल आणि माय, दोघींपैकी एकच वाचणार होती, आणि लाकूड की माणूस हा प्रश्न सोपा आहे असं मी मलाच सांगत होते.

मायसाठी तो सोपा नव्हता. मी तिला मूलला माझ्या खोलीवर आणलं. आठ दिवस राहिली. सकाळ-संध्याकाळ मला विचारायची, तिकडे पाऊस असेल का. नवव्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर पिशवी भरून पायरीवर बसलेली. तिला घरी नेलं आणि मिस्त्रीला बोलावून विचारलं, मयाल बदलून लोखंडी टाकता येईल का. त्यानं भिंतीला टेकून बराच विचार केला. म्हणाला, मयाल काढायची तर सगळं छप्पर उतरवावं लागेल, आणि छप्पर उतरवलं की या जुन्या मातीच्या भिंती उभ्या राहणार नाहीत; त्यापेक्षा सगळं पाडून नवीन बांधा. माय आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, “माह्या मांगं पाड. मी हाये तवरोक नाई.”

मग उन्हाळा आला, मातीच्या रेघा वाळून गळून पडल्या, आणि मीही इतर लोकांसारखी समजले की गेली उधई.

पुढच्या आषाढात एका रविवारी मी मायच्या केसांना तेल लावत होते. केसांना धुराचा वास येत होता. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या केसांना तो यायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं. म्हणाली, “शेजारी शेकोटीजवळ बसली होती.” आषाढात कुठली शेकोटी? मी उठले आणि घर शोधायला लागले. पलंगाखाली घमेलं होतं, त्यात राख आणि अर्धवट जळलेला निंबाचा पाला. मग वर बघितलं. प्लास्टिकचा कागद विळ्यानं कापून बाजूला लटकवला होता, बरोबर मयालीच्या खाली.

विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, अगदी सरळपणे. रोज चार वाजता ती घमेल्यात गोवऱ्या पेटवायची, वर ओला पाला टाकायची आणि दारं लावून धूर मयालीला लागू द्यायची. चार वाजता अशासाठी, की तेव्हा मी नक्की ड्युटीवर असायची. गोवऱ्या शेजारची बाई आणून द्यायची. तीच शेजारची बाई, जिला मी मायवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

“अन् दम?” मी ओरडले. “दम नाई लागत तुले?”

“पंप घेते नं. आंधी दोन फुका, मंग दोन फुका.” ती माझी समजूत काढत होती. “तूच त सांगतलं होतं, कामाच्या आंधी दोन फुका घेत जा म्हणून.”

हे खरं होतं. मीच सांगितलं होतं. मी घमेलं उचललं आणि अंगणात भिरकावलं. राख ओल्या चिखलात पडली, घमेल्याचा एक कान वाकला. मी तिला काय काय बोलले ते लिहायची माझी तयारी नाही. माय शांतपणे अंगणात गेली, घमेलं उचलून आणलं आणि धुऊन पालथं घातलं. मला तेव्हाच कळलं की माझ्या ओरडण्याचा काहीही उपयोग होणार नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसणाऱ्या बायका जशी मान डोलावतात, तशी तिनंही डोलावली होती.

भाद्रपदात तिला दवाखान्यात आणलं. शेजारच्या भावानं ट्रॅक्टरवर खाट टाकून आणलं, मध्ये कुठे ऑटो मिळाला नाही म्हणून. मी ड्युटीवरच होते. बोटाला यंत्र लावलं आणि त्यावरचा आकडा बघून मीच तिथे खाली बसले. दुसऱ्या सिस्टरनं पुढचं केलं. पाच दिवस नाकाला नळी होती. ज्या खाटेवर बाबा होते, तिच्या समोरच मायची खाट होती. बोलायला दम नव्हता तेव्हाही ती मला हातानं विचारायची. हात वर करून, आडवा फिरवून. मयाल. मी म्हणायची, ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला मी घरी गेले. घर बंद होतं, आत गार आणि दमट वास. माझ्या मनात आलं, निदान बघावं तरी किती वाचलीय मयाल, म्हणजे मायला खरं सांगता येईल. शेजाऱ्यांकडून शिडी आणली. खालून मयाल काळी, चकचकीत, होती तशीच दिसत होती. मी बोटाच्या पेरानं वाजवली. आवाज रिकाम्या डब्याचा आला. हातभर पुढे सरकून वाजवलं, तोच आवाज. स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि टोक लावलं तर ती मुठीपर्यंत आत गेली, मातीत जावी तशी. आत लाकूड नव्हतंच. मातीचे पापुद्रे होते. उधईनं आतून सगळं खाल्लं होतं आणि धुरानं काळं झालेलं वरचं कवच तेवढं ठेवलं होतं. म्हणजे धूर बाहेरून लागत होता आणि ती आत जेवत होती. माझ्या मायनं रोज चार वाजता छातीत धूर भरून घेतला तो कशालाच उपयोगी पडला नव्हता.

मी शिडीवरच रडले. मग खाली उतरून शेजारच्या भावाला बोलावलं. त्यानं दोन सागाच्या बल्ल्या आणून मयालीला टेकू दिला, खाली दगड ठेवून. मी काही न सांगताच त्यानं दगड ठेवले. म्हणाला, येत्या पावसाळ्याच्या आधी हे उतरवावंच लागेल, बाई. मी हो म्हटलं.

मायला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. सांगितलं नाही तर ती धूर करत राहणार आणि पुढच्या वेळी ट्रॅक्टर वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. सांगितलं तर धूर थांबेल, पण मग ती त्या घरात कोणत्या तोंडानं बसेल? बाबांनी तिच्याकडे घरातलं एकच काम सोपवलं होतं. शेवटी मी ठरवलं की सिस्टर आहे तर सिस्टरसारखं वागावं, आधी श्वास. बल्ल्यांबद्दल ती घरी आल्यावर काहीच बोलली नव्हती, फक्त खालचे दगड बघून “बरं केलं” म्हणाली होती. मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल.

गेल्या महिन्यात मी सुटी घेऊन गेले, मुद्दाम चार वाजता पोचले. माय फरशीवर बसली होती, पुढे तेच वाकलेल्या कानाचं घमेलं. गोवऱ्या रचून झाल्या होत्या, पाल्याची जुडी बाजूला, माचिस हातात. मला बघून तिनं काही लपवलं नाही. मी तिच्यासमोर बसले आणि दवाखान्यात सांगते त्या आवाजात सांगितलं.

“माय, मयाल पोकळ झाली. आतमधी काहीच राहिलं नाही. मी सुरी घालून बघितली. आता धुरानं काही होणार नाही.”

तिनं मान वर करून मयालीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मले माहीत हाये.”

“काय माहीत हाये?”

“पोकळ झाली ते. मांगच्या दिवाळीपासून माहीत हाये. काठीनं वाजवून पाहते मी रोज.”

मला संताप आला, तो आला तसाच बाहेर पडला. “मग कशासाठी? जीव गेला असता तुझा! माहीत होतं तर कशासाठी करत होतीस?”

ती चिडली नाही. पोरीला एखादी साधी गोष्ट लक्षात येत नसली की आई ज्या आवाजात बोलते त्या आवाजात म्हणाली, “तुह्या बाबाले चार दिवस नळी लावून ठेवली होती. डॉक्टरनं तुले दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं, नाई का? मी तुह्या तोंडाकडे पाह्यलं होतं. मंग नळी काऊन नाई काढली तू?”

मला वाटत होतं, बाबा वाचणार नाहीत हे फक्त मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. माय कोनाड्याकडे वळली, पंप घेतला आणि मी शिकवला होता तसा हलवला. तोंडाला लावायच्या आधी मी तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातातली माचिस काढून घेतली.

“तू बाहेर जाऊन बस,” मी म्हटलं. “लांब, विहाराकडे. मी करते.”

ती उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. “जाळ नको होऊ देऊ. पाला ओला टाकजो.”

मी ओढणी नाकाला बांधली आणि गोवऱ्या पेटवल्या. ज्या हातानं मी चूल फोडली त्याच हातानं. पाला टाकला तसा धूर दाटून वर गेला, दोन बल्ल्यांच्या मधून, आणि त्या काळ्या कवचाभोवती फिरायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला आवरत नव्हता. माय विहाराकडे गेलीच नव्हती, अंगणाच्या टोकाला उभी राहून विचारत होती, “पोचला का वो वर?”

“पोचला,” मी आतून ओरडून सांगितलं.